सातवी ओळ

जर्मनीहून परतल्यावर लोक तीन गोष्टी विचारतात. थंडी किती होती, शाकाहारी मिळतं का, आणि फोटो कुठे आहेत? पहिल्या दोन्हींची उत्तरं माझ्याकडे तयार आहेत. मे महिना होता, थंडी पुण्यातल्या डिसेंबरइतकी. आणि जिथे बटाटा इतका पिकतो तिथे शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. फोटोंचं मात्र विचारू नका. ज्या एका भेटीसाठी मी खरी गेले होते तिचा फोटो काढायला माझा धीर झाला नाही.

माझी मुलगी केतकी डार्मश्टाटला राहते. तिथल्या अंतराळ केंद्रात उपग्रहांवर लक्ष ठेवण्याचं काम करते. चार वर्षं ती मला बोलावत होती आणि चार वर्षं मी गुडघ्यांचं कारण सांगत होते. गुडघे ठणठणीत आहेत, आठवड्यातून दोनदा पर्वती चढते. खरं कारण असं, की एक्याऐंशी साली मी त्याच गावात आठ महिने राहिले होते आणि ज्याला तोंड दाखवायची सोय उरली नाही असं एक माणूस तिथे मागे ठेवून आले होते.

२०१६ साली केतकीनं न विचारता तिकीट काढून पाठवलं. मी बॅग भरली. भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्यांखाली, अगदी तळाशी, एक पातळ पिवळट रीप्रिंट ठेवलं. विमानाच्या पंखाच्या थरथरीवरचा आमचा शोधनिबंध. वर दोन नावं, पहिलं आमच्या साहेबांचं आणि दुसरं माझं.

शनिवारचं जेवण

डार्मश्टाट मी ओळखलंच नाही. ट्रामचे डबे बदललेले, दुकानं बदललेली. चौकातला उंच खांब आणि त्यावरचा राजा तेवढे जागेवर होते. अमेरिकन सैनिकांच्या बराकी मात्र ओस पडल्या होत्या. सैन्य काही वर्षांपूर्वी निघून गेलं म्हणे. केतकीनं हे सहज सांगितलं आणि मी मनातल्या मनात हुश्श केलं. सैन्य गेलं म्हणजे ते माझं माणूस, सैनिकाची बायको बर्निस, तीही गेली असणार, आता काही करता येण्यासारखं नाही, असा हिशेब मी ट्राममध्येच करून टाकला.

शनिवारी केतकीनं ऑफिसातल्या एका मैत्रिणीला जेवायला बोलावलं. तो श्पार्गेलचा मोसम. श्पार्गेल म्हणजे बोटभर जाडीच्या पांढऱ्या शेंगांसारखे कोंब. इथली माणसं त्यांच्यासाठी वर्षभर वाट बघतात, आपण हापूसची बघतो तशी. उकडून, वर लोणी, शेजारी बटाटे. मी बाजूला लिंबाचं लोणचं ठेवलं, कारण नुसतं ते खाणं म्हणजे आजारी माणसाचं जेवण.

मैत्रीण आली ती योहाना. चाळिशीची, उंच, काळी. वडील अमेरिकन सैनिक, आई इथलीच. उपग्रहांच्या कक्षा मोजणारी इंजिनियर. तिला दारात पाहून मला बर्निसच आठवली, पण मी स्वतःला दटावलं. प्रत्येक काळ्या बाईत बर्निस दिसायला लागली तर कसं व्हायचं?

जेवण झालं. माझी नात ईरा गणिताचा गृहपाठ घेऊन बसली होती. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, असा आमचा संसार. योहाना तिच्या शेजारी बसली, वहीवर नजर टाकली आणि एका गणिताच्या शेजारी पेन्सिलीनं बारीकसा ठिपका ठेवला. ना खोडलं, ना बोलली. ईरानं ठिपका पाहिला आणि गणित पुन्हा करायला घेतलं.

ताटं उचलता उचलता मी थांबले.

"हे ठिपका ठेवणं कुठे शिकलात तुम्ही?" मी इंग्रजीत विचारलं.

"ठिपका?" योहाना हसली. "लहानपणी आमच्या शेजारी मिसेस बर्निस राहायच्या. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी गणित शिकले. त्या कधी 'चुकलं' म्हणायच्या नाहीत. ठिपका ठेवायच्या आणि चहा करायला जायच्या."

"आहेत त्या?"

"आहेत की. ऑरेंजरीच्या बागेजवळ राहतात. सत्त्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि अजून माझी आकडेमोड तपासतात. तुम्ही ओळखता त्यांना?"

केतकी माझ्याकडे बघायला लागली. पोरीला मी यातलं कधीच काही सांगितलं नव्हतं.

एक्याऐंशी साल

त्या रात्री योहाना गेल्यावर केतकीला सांगितलं ते इथेही सांगते.

आमच्या प्रयोगशाळेनं मला पाठ्यवृत्तीवर इथल्या एका विमान-संशोधन संस्थेत पाठवलं होतं. वय एकतीस. काम असं की विमानाचा वेग वाढत गेला तर पंख कोणत्या वेगाला थरथरायला लागेल, ते आधी कागदावर काढायचं. थरथर हाताबाहेर गेली की पंख तुटतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बर्निस बसायची. नवरा अमेरिकन सैन्यात, म्हणून ती इथे आली होती. त्याआधी अमेरिकेतल्या विमान-संशोधन केंद्रात आकडेमोडीच्या विभागात होती. तिच्या आधीच्या काळ्या बायकांना तिथे वेगळ्या खोलीत बसवत असत. तिच्या वेळेपर्यंत खोली एक झाली होती, पण अहवालावर नाव जात नव्हतं. "इथे जाईल," असं ती म्हणायची.

आमची कामाची रीत कडक होती. दोघींनी तेच गणित वेगवेगळं करायचं, एकमेकींच्या कागदाकडे बघायचं नाही, मग तिसऱ्या दिवशी कागद शेजारी शेजारी ठेवून ओळीओळीनं ताळा बघायचा. संगणक होता, पण त्याची पाळी यायला आठवडा लागायचा आणि बर्निसचा त्याच्यावर विश्वास नव्हता. एका ठरावीक वेगापुढे आमचे आकडे भरकटायचे. दोन महिने आम्ही डोकं फोडलं. त्यातून वाट काढली ती बर्निसनं. मी नाही, संस्थेतल्या कुणी पीएचडीवाल्यांनीही नाही.

परत आल्यावर मी निबंध लिहिला. वर तीन नावं घातली. साहेबांनी पाहिला आणि म्हणाले, "ही कोण? ती काळी बाई? असिस्टंट होती ना ती?" 'काळी' हा शब्द त्यांनी अगदी तसा उच्चारला, जसा माझं लग्न जमत नव्हतं तेव्हा आमच्या घरात माझ्याबद्दल उच्चारला जायचा. मला तो टोचला. आणि टोचूनही मी म्हटलं, "हो सर, असिस्टंटच." त्यांनी नाव खोडलं. साहेबांनी त्या निबंधातला एक आकडाही पाहिला नव्हता, तरी त्यांचं नाव पहिलं. त्याबद्दल मी आयुष्यभर कुरकुर केली. बर्निसबद्दल मात्र कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. त्या निबंधावर मला बढती मिळाली.

पुढे तिचं पत्र आलं. "निबंध छापून आला का? एक प्रत पाठव. मला वरच्या जागेसाठी अर्ज करायचा आहे." मी उत्तर दिलं नाही. प्रत पाठवायची म्हणजे तिला दोन नावं दिसणार. सहा महिन्यांनी दुसरं पाकीट आलं. जाडजूड. ते मी उघडलंच नाही. आता ही मला फाडून खाणार, असं वाटलं. कपाटात टाकलं आणि घर बदललं तेव्हा जुन्या कागदांबरोबर रद्दीत दिलं.

केतकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आल्झो, आई, तर मग तू जाऊन भेटणार आहेस. मी योहानाला फोन करते."

चार दिवस

आपल्याकडे असतं तर दुसऱ्याच दिवशी जाऊन दार वाजवलं असतं. इथे तारीख मिळाली पुढच्या बुधवारची, दुपारी तीनची. "ओळखीच्या माणसाला भेटायलाही टेर्मिन, आधी वेळ ठरवून?" मी म्हटलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," केतकी म्हणाली, "आणि तीन म्हणजे तीन."

ते चार दिवस कसे गेले म्हणून सांगू! रविवारी मी बेसन दळायला मिक्सर लावला. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या बाई दारात. रविवारी आवाज करायचा नसतो. बाई रागावल्या नव्हत्या, त्यांनी फक्त नियम सांगितला आणि गेल्या. आपल्याकडे रविवारी आवाज नसेल तर लोक विचारतील, घरात सगळं बरं आहे ना? मी सोमवारपर्यंत थांबले. मग लाडू वळले, कारण बर्निसला बेसनाचे लाडू आवडायचे. माझ्या डब्यातला एक तिला हमखास द्यावा लागायचा.

केतकीनं मला टेकडीवरचं सोनेरी घुमटांचं रशियन देऊळ दाखवलं, पाच बोटांसारखा दिसणारा लग्नाचा मनोरा दाखवला. मी छान म्हटलं, पण लक्ष ठिकाणावर नव्हतं. मनात वाक्यं जुळवत होते. मी माफी मागायची, ती म्हणणार जाऊ दे, मग आम्ही रडणार. असा सगळा प्रयोग मी टेकडीवरच्या बाकावर बसून दोनदा करून पाहिला. ईराला आईस्क्रीम हवं होतं, ते घ्यायचं राहूनच गेलं.

बुधवार, तीन वाजता

दोन चाळीसलाच पोचले. लवकर जाणं हेही इथे उशिरा जाण्याइतकंच वाईट, म्हणून खाली झाडाखाली उभी राहिले. तीनला बेल दाबली.

दारात बर्निस. केस पांढरे आणि अगदी बारीक कापलेले, अंगावर निळा स्वेटर, ताठ.

"सुमन," ती म्हणाली, "वीस मिनिटं खाली उभी होतीस. खिडकीतून दिसत होतीस."

"तीन वाजले नव्हते ना."

"पुरती जर्मन झालीस." आणि ती हसली. हसणं तेच होतं.

टेबलावर स्ट्रॉबेरीचा केक, फेटलेली साय, दोन बशा. भिंतीवरच्या कॅलेंडरला दोऱ्यानं पेन्सिल बांधलेली. मी डबा दिला. तिनं उघडून वास घेतला आणि लगेच एक लाडू खाल्ला, उभ्या उभ्याच.

मी वेळ घालवला नाही. रीप्रिंट काढून टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, "बर्निस, यावर तुझं नाव हवं होतं. मी ते खोडू दिलं. वाट तू काढली होतीस. मला माफ कर."

आता आपल्याकडे काय होतं? समोरचं माणूस म्हणतं, "जाऊ दे गं, किती वर्षं झाली." आपण डोळे पुसतो, प्रकरण मिटतं. मी त्या 'जाऊ दे'वर भिस्त ठेवून चार हजार मैल आले होते.

बर्निस म्हणाली, "हो. नाव नव्हतं." आणि केक कापायला घेतला.

माझ्या बशीत तुकडा ठेवून ती पुढे बोलली. आवाज चढला नाही. "त्या जागेसाठी एक छापलेला निबंध लागत होता. मी सांगितलं, आहे, येतोय. मग ग्रंथालयात तो अंक आला. मी सगळ्यांसमोर उघडला. जागा एका तरुण मुलाला मिळाली. चांगला मुलगा होता. ती पद्धत त्याला मीच शिकवली. मग वर्षभरानं सोडलं आणि सैनिकांच्या मुलांच्या शाळेत शिकवायला लागले. बराकी बंद होईपर्यंत."

"योहाना म्हणते, तुझ्याइतकं—"

"योहाना हुशार आहे, तिचं श्रेय तिचं," ती म्हणाली. "मला कशाचं वाईट वाटलं सांगू? अमेरिकेत जे आमची नावं गाळायचे, ते आमच्या खोलीत कधी बसले नव्हते. तू माझ्या शेजारी बसायचीस."

मी केकची बशी बाजूला सारली.

मग ती उठली, आतून एक फाइल आणली. त्यात आमच्या निबंधाची झेरॉक्स. तिसऱ्या तक्त्यात, सातव्या ओळीशेजारी, पेन्सिलीचा ठिपका.

"हे बघ," ती म्हणाली आणि कोरा कागद, पेन्सिल माझ्यासमोर ठेवली. "तू काढ. मी बघत नाही." ती स्वयंपाकघरात गेली.

सहासष्टाव्या वर्षी, चष्मा कपाळावर ढकलत, मी पंखाची थरथर काढायला बसले. बऱ्याच पायऱ्या विसरले होते. निबंधातच बघत बघत पुढे गेले, म्हणजे तिच्याच पद्धतीचं बोट धरून. तासभर लागला. उत्तर आलं. छापलेल्या आकड्यात दशांशचिन्ह एक घर सरकलेलं होतं. छापून आलेला वेग धोक्याच्या वेगाच्या दहापट होता. कुणीही जाणता माणूस पाहील तर त्याला कळेल की इथे काहीतरी चुकलंय. पण पस्तीस वर्षं ते माझ्या नावाखाली तसंच उभं होतं.

बर्निस आली, आपला जुना कागद माझ्या कागदाशेजारी ठेवला. ओळीओळीनं बोट फिरवलं. जुळलं.

"छपाईच्या कागदांचा ताळा कुणी बघितला होता?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. साहेबांना घाई होती. आणि दुसरी..."

"दुसरी इथे होती," ती म्हणाली. पण आकडे जुळल्यामुळे तिचा चेहरा खुलला होता, अगदी पूर्वीसारखा. त्या एका मिनिटापुरती मी एक्याऐंशी सालात होते. तिनं माझं रीप्रिंट मात्र घेतलं नाही. "माझ्याकडे आहे," म्हणाली.

निघताना तिनं डबा परत दिला. जड लागला. आत केक होता. "रिकामा द्यायचा नसतो," ती म्हणाली. "तूच शिकवलं होतंस."

मी चपला घालत होते, आणि ती दाराला टेकून म्हणाली, "एक विचारू? मी तुला दुसरं पत्र पाठवलं होतं. जाड होतं. त्यात ही सातवी ओळ पूर्ण सोडवून दिली होती, म्हणजे तुम्हाला दुरुस्ती छापता आली असती. नावाबद्दल त्यात काही नव्हतं. तुला ते मिळालं नाही का?"

म्हणजे ती मला फाडून खाणार नव्हती. ती माझी चूक सावरत होती. जागा गेल्यावर, नाव गेल्यावर, तिनं बसून माझी चूक दुरुस्त करून पाठवली होती आणि मी ती रद्दीत घातली होती.

खरं सांगायला हीच वेळ होती. त्यासाठीच आले होते.

"नाही," मी म्हटलं. "नाही मिळालं."

बर्निसनं डोळे मिटले. खांदे खाली आले. "मग टपालानं घोळ केला," ती म्हणाली. "मला इतकी वर्षं वाटायचं की तू वाचलंस आणि चुकीचा आकडा जाणूनबुजून तसाच ठेवलास. नावाचं मी समजू शकते, सुमन. तुला साहेब होता. पण आकड्याचं मला कधी समजलं नाही." आणि तिनं मला जवळ घेतलं. दोन्ही हातांनी, घट्ट. माफी मागितली तेव्हा घेतलं नव्हतं.

केतकी आणि ईरा मला घ्यायला आल्या होत्या. ट्राममध्ये केतकीनं विचारलं, "बोललीस ना सगळं?"

"हो."

"मग रडतेस कशाला आता?"

ईरानं माझा हात धरला आणि आईला म्हणाली, "ओमा इस्ट ट्राउरिश." आजी दुःखी आहे. एवढं जर्मन मलाही कळतं.

पुणे

परत आल्यावर मी दोन पत्रं लिहिली. पहिलं त्या नियतकालिकाला, ज्यात आता दुसरीच माणसं बसतात. त्यांचं सभ्य उत्तर आलं. आकड्याची दुरुस्ती छापता येईल. नावांची यादी मात्र सर्व मूळ लेखकांच्या संमतीशिवाय बदलता येत नाही. साहेब वारून बरीच वर्षं झाली. मेल्यावरही त्यांचं नाव पहिलंच राहिलं.

दुसरं पत्र बर्निसला. चार वेळा फाडलं. ह्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "अगं, ती सुखात आहे, टपालावर बिल फाडून मोकळी झाली. कशाला पुन्हा उकरतेस?" मलाही तसंच वाटलं होतं, दोन दिवस. पण तिचं सुख माझ्या खोटेपणावर उभं, आणि तिला तर एका ओळीतला चुकीचा आकडा पस्तीस वर्षं सोसवला नव्हता. शेवटी सगळं लिहिलं. पाकीट मिळालं होतं, उघडलं नाही, का उघडलं नाही, रद्दीत कसं गेलं. सोबत नियतकालिकाचं पत्र आणि माझ्या त्या दिवशीच्या आकडेमोडीची स्वच्छ प्रत, खाली दोन जागा ठेवून: काढणारी, ताळा बघणारी. रजिस्टर केलं.

पोचल्याची सही आली. तिचीच आहे, अक्षर ओळखते मी. त्याला आता तीन महिने झाले. केतकी सांगते, योहाना म्हणते की मिसेस बर्निस छान आहेत, रोज बागेत फिरायला जातात. माझ्याबद्दल त्या काही बोलत नाहीत.

टपाल साधारण बाराला येतं. मी जिना उतरून जाते, पेटी उघडते. विजेचं बिल असतं, बँकेचं काहीतरी असतं.

मी पाठवलेलं पाकीटही जाड झालं होतं. जाड पाकीट हातात आलं की माणसाला काय वाटतं, ते मला ठाऊक आहे. तिनं ते उघडलं नसेल, तर का उघडलं नाहीस असं तिला कुणीही विचारू शकेल. मी सोडून.